मोटारीला शिवेची फेरी माफ होण्याबाबत

विषय : युद्धानंतरच्या काळातली, अमेरिकी बनावटीची, सहकुटुंब बसण्याजोगी मोटार संपूर्ण दुरुस्त करून विकणे असून, तिला शिवेची फेरी माफ होण्याबाबत.

उपरोक्त विषयी हकीकत अशी की, फार वर्षांपूर्वी, मोटारी आल्या होत्या पण राजे अजून गेले नव्हते अशा काळी, एका डोंगरी संस्थानात राजाचा म्हातारा ड्रायव्हर आणि त्याची बायको राहत असत.

दूरदेशीचे मोठे युद्ध संपले आणि तिकडच्या कारखान्यांनी रणगाडे सोडून पुन्हा घरगुती मोटारी करायला घेतल्या, तेव्हा राजाने त्यांतली एक मागवली होती. पुढे राजाने नवी घेतली. जुनी पागेमागे पडून राहिली. कोंबड्यांनी तिच्यात अंडी घातली, टपावर भोपळ्याचा वेल चढला. ड्रायव्हर निवृत्त झाला, तेव्हा राजाने मोठ्या मनाने ती त्याला बक्षीस दिली. अशा वेळी राजेलोकांचे मन नेहमीच मोठे असते.

ड्रायव्हरने मोटार गोठ्यात आणली आणि गाय बाहेर बांधली. लेकीचे दुसरे बाळंतपण जवळ आले होते. ती घाटापलीकडे दिली होती, तिला सासू नव्हती, आणि आईने यावे म्हणून तिचे निरोपावर निरोप येत होते.

"एवढी गाडी विकली की आपण दोघं तिकडेच राहायला जाऊ," ड्रायव्हर बायकोला म्हणे.

तो दिवसभर मोटारीखाली असे. गंज खरवडला, पत्रा ठोकून सरळ केला, इंजिन खोलून पुन्हा बसवले. अखेर एके सकाळी ते मांजरासारखे घुरघुरू लागले. रंग तर असा चढवला की, बायकोला दारात आपले अख्खे तोंड दिसे. ती काचेतून आत डोकावे. पुढे एक छोटे घड्याळ होते, मागे दिवाणखान्यात शोभावी अशी गादी होती. त्या गादीवर बसल्यावर काय वाटत असेल, याचे तिला मोठे कुतूहल होते.

"जरा बसून बघू का हो?"

"हात ओले आहेत तुझे."

"पुसते की."

"लुगड्याला राख आहे."

राख होतीच. भांडी कोण घासत होते, हे मात्र ड्रायव्हरने विचारले नाही.

आता त्या संस्थानात एक रीत होती. विकायची वस्तू गिऱ्हाइकासमोर वापरून दाखवायची. गाय पिळून दाखवायची, ढोल वाजवून, खाट झोपून. पाळणे विकणारा सुतार आपले नातवंड बरोबर घेऊनच बाजाराला जाई. आणि चाकाची वस्तू असेल, तर गिऱ्हाइकाच्या घरच्या सगळ्या माणसांना तिच्यात बसवून गावाच्या शिवेवरून एक फेरी मारायची. त्याशिवाय सौदा पक्का होत नसे.

मोटार विकायची आहे, ही बातमी पसरली. गुळाचा एक व्यापारी आई, बायको आणि पोराबाळांसह हजर झाला. त्याने मोटारीभोवती चक्कर मारली आणि तो खूश झाला.

"काका, उघडा की दार."

"बघायला आलात ना? मग बघा. उघडायचं कशाला?"

"अहो, म्हैस घेतानासुद्धा कास बघतात!"

ड्रायव्हरने नाइलाजाने दार उघडले. "चपला काढा. आणि पोरं बाहेर राहू द्या. हात गुळाचे दिसतायत."

"गुळवाल्याच्या पोरांचे हात कशाचे असणार? चंदनाचे?"

"आणि शिवेवर धूळ फार आहे," ड्रायव्हर म्हणाला. "फेरी पावसाळा झाल्यावर बघू."

"पावसाळा झाला की चिखल असेल."

"मग चिखल वाळल्यावर."

"वाळला की त्याची धूळच होते, काका."

असा शास्त्रार्थ चालू असताना व्यापाऱ्याची आई कंटाळली. ती मोटारीच्या पलीकडच्या अंगाला गेली. तिथे ड्रायव्हरची बायको उभी होती.

"काय गं, आतून कशी आहे?"

"मला काय माहीत, आत्याबाई? मी कुठे बसलेय?"

"घरची असून?" म्हातारीने तिच्याकडे पाहिले, मग दाराच्या मुठीकडे पाहिले. "ये इकडे."

दोघींनी ते दार हळूच उघडले आणि आत जाऊन मागच्या गादीवर बसल्या. गादी आधी खाली गेली, मग तिने दोघींना अलगद सावरून धरले. म्हातारीने पाठ टेकली, पाय लांब केले आणि डोळे मिटले.

"अगं बाई," ती म्हणाली, "ही तर बसायलाच केलीय!"

ड्रायव्हरची बायको हसू लागली. ते हसू ऐकून ड्रायव्हर धावत आला. त्याने दोघींना खाली उतरवले आणि गादीवर हात फिरवत ओरडला, "सुरकुती! सुरकुती पडली!"

"गादीला पडली ती लगेच दिसली," बायको म्हणाली. "माझ्या तोंडावर पडल्या, त्या कधी बघितल्या का?"

व्यापारी घरच्या भांडणात पडणारा नव्हता. तो म्हणाला, "काका, भाव तुमचा, गाडी आमची. फक्त फेरी मारा."

"मारा हो," बायको म्हणाली. "फेरी झाली की सुटलो. पोरगी वाट बघतेय."

ड्रायव्हरने एकदा बायकोकडे पाहिले, एकदा गादीकडे पाहिले, आणि खिशातून फडके काढले. बायको काय ते समजली.

त्याच दिवशी त्याने दरबारात अर्ज केला की, सदर मोटार धुळीत नेण्याजोगी नसल्याने तिला फेरी माफ व्हावी. दरबार काही झोपलेला नव्हता. तिथून उत्तर आले की, मोटार फेरी माफ करण्याइतकी नाजूक आहे की नाही, हे ठरवण्यासाठी दरबारचे अधिकारी तिच्यात बसून एक फेरी मारतील. ड्रायव्हरने या फेरीलाही हरकत घेणारा पुरवणी अर्ज केला.

व्यापाऱ्याने दुसरीकडून एक साधी बैलगाडी घेतली. तिची फेरी रीतीप्रमाणे झाली. पोरे शिवेवर दोनदा खाली पडली आणि सौदा पक्का झाला. पहिलाच गूळ घाटापलीकडे निघाला, तेव्हा ड्रायव्हरची बायको गाठोडे घेऊन ढेपांवर जाऊन बसली.

"अगं, थांब ना," ड्रायव्हर म्हणाला. "अर्जाचा निकाल लागला की दोघं जाऊ."

"बाळ निकालासाठी थांबत नाही," ती म्हणाली. "गाय पिळत जा. आणि तिला आत बांधा, पाऊस येईल."

ती पोहोचली त्या आठवड्यात लेकीला मुलगी झाली. बर्फी आली, पण ड्रायव्हरने ती गोठ्याच्या बाहेर उभे राहून खाल्ली. आत खाल्ली असती तर हात तुपकट झाले असते. नातीला पाहायला तो अजून गेलेला नाही. मोटारीजवळ ठेवावा असा विश्वासू माणूस त्याला सापडत नाही.

यातून घ्यायचे ते एवढेच : जी वस्तू आपल्या माणसांना वापरू देववत नाही, ती आपल्याजवळ माणसे राहू देत नाही.

मूळ अर्ज व पुरवणी अर्ज दरबारात विचाराधीन आहेत.