गलबताची फळी

खाडीकाठच्या एका गावात चांगुणा नावाची रंगारीण राहत असे. तिच्या हातचा लाल रंग असा पक्का, की कापड विरलं तरी रंग हटत नसे. कापडाच्या प्रत्येक ठाणाच्या कोपऱ्यात ती आपली बांगडी रंगात बुडवून एक गोल ठसा उठवी. धाकटा भाऊ सोमा ती ठाणं धक्क्यावरच्या लाकडी फळीवरून गलबतावर चढवी. कापड अरबांच्या मुलखात जाई आणि गाव सोमाला 'व्यापारी' म्हणे. चांगुणेला कोणी काहीच म्हणत नसे.

"सोम्या, एकदा मला गलबतावर ने रे. माझं कापड कुठं जातं, बघू दे तरी."

"खुळी का तू, आक्का? बाईचा पाय फळीला लागला की गलबत बुडतं!"

सगळे दर्यावर्दी हेच मानत. सोमाही मानत असे.

एका हंगामात चांगुणेला ताप भरला. गावच्या वैद्याने हात टेकले. गलबताच्या वाटेवरच्या बंदरात नामांकित हकीम होता. सोमाने बहिणीला पाठीवर घेतलं आणि धक्क्याकडे धाव घेतली. गलबताचा मालक नाखवा फळीवर आडवा उभा राहिला.

"माल चढव. बाई नको."

"मी याच्या पाठीवर आहे, नाखवा," चांगुणा क्षीण हसली. "माझा पाय कुठं लागतोय फळीला?"

नाखवा हलला नाही. सोमाने गठ्ठ्यांकडे पाहिलं. खरंच सगळं बुडालं तर? त्याने बहिणीला वाळूवर निजवलं आणि गठ्ठे चढवले. गलबत दिसेनासं होण्याआधीच चांगुणेने प्राण सोडला.

पुढच्या हंगामात तेच गलबत आलं. फळी पडली आणि तिच्यावरून एक बाई तोऱ्यात उतरली. डोक्यावर चांगुणेच्या हातची लाल ओढणी. सोमा गलबताकडे डोळे फाडून बघत राहिला. आता बुडेल, मग बुडेल. गलबत जागचं हललं नाही.

"नाखवा, ही... ही बाई?"

"हळू बोल! तिकडे सगळा माल हीच विकत घेते. तिला कोण अडवणार?"

बाईने ओढणीच्या कोपऱ्यातल्या ठशावर बोट ठेवलं आणि मोडक्यातोडक्या बोलीत विचारलं, "ही बांगडी जिची, ती कुठं आहे? तिला भागीदार करायला आले मी."

सोमाने वाळूकडे हात केला.

"फळीच्या अलीकडे राहिली," तो म्हणाला.

तात्पर्य: बाईच्या हातचा माल समुद्रापार न्यायचा आणि तिची वाट मात्र अडवायची, असा व्यापार म्हणजे लूट. माल घेणारीसाठी जो नियम मोडता येतो, तो राबणारीसाठी वेळेवर मोडावा. ती गेल्यावर मोडून काय उपयोग?