सोनेरी कार्डाचा मान

कोचीहून मालदीवला निघालेल्या आलिशान क्रूझवर उद्योगपती दिगंबरराव खर्डेकर गळ्यात सोनेरी क्रेडिट कार्ड लटकवून फिरत. या कार्डावर बुकिंग केलंय, म्हणजे सगळीकडे पहिला मान आपलाच, असं ते आइस्क्रीमच्या रांगेतसुद्धा बजावत.

संकटात जहाज कसं सोडायचं याची तालीम सुरू झाली, तेव्हा अधिकाऱ्याने गुडघे आखडलेल्या वयस्कर शकूताई चाफेकरांना जीवरक्षक बोटीत पहिली जागा दिली. खर्डेकर कार्ड नाचवत आडवे आले. "उठा बाई! जहाज बुडालं तरी पहिला नंबर माझाच!"

अधिकारी बिचारा गोंधळला. शकूताई काठी टेकत उठल्या आणि थबकल्या.

"रावसाहेब, या कार्डावर खोली उशिरा सोडायची सवलत आहे का हो?"

"आहे म्हणजे? सगळे उतरले तरी दुपारपर्यंत मला कुणी हलवू शकत नाही!"

"मग एवढी सवलत वाया का घालवता?" शकूताई पुन्हा ऐसपैस बसल्या. "आम्ही होतो पुढे. जहाज बुडू दे, तुम्ही दुपारपर्यंत निवांत झोपा!"

सगळा डेक खदखदून हसला. खर्डेकरांनी कार्ड शर्टाच्या आत सारलं आणि रांगेच्या शेवटी जाऊन पुढे उभ्या असलेल्या जहाजाच्या आचाऱ्याला हळूच विचारलं, "तुम्हाला पोहता येतं ना?"