जोडचाकात अडकलेली शेंग

ही गोष्ट लिहिणारा शाळेत फार दिवस गेला नाही. शब्द साधे आहेत. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर माफ करा, आणि गोष्ट मोठ्यानं वाचा.

तेव्हा नाक्यावर पत्र्याचं एक गॅरेज होतं. शेजारी कडुनिंब. आता तिथं नुसता रुंद रस्ता आहे. पण तेव्हा निंबाच्या ढोलीत एक खार राहायची. ढोलीत तिचं पिल्लू. पिल्लाला लागली भूक.

खारीला मिळाली शेंग. भुईमुगाची, टपोरी. खार निघाली घरी. टुणुक टुणुक. वाटेत शेंग निसटली. गड गड गड. गेली ट्रकच्या मागच्या जोडचाकात. दोन चाकं, मधे फट, फटीत शेंग. पंजा पोचेना.

खार म्हणाली, "ट्रकदादा, ट्रकदादा, थोडा हल. शेंग पडेना, पिल्लू जेवेना."

ट्रक म्हणाला, "इंजिन फिरलं तर मी हलेन."

खार गेली इंजिनाकडे. टुणुक टुणुक. "इंजिनभाऊ, इंजिनभाऊ, जरा फिर. ट्रक हलेना, शेंग पडेना, पिल्लू जेवेना."

इंजिनानं केलं गर्र गर्र गर्र. आणि गप्प. म्हणालं, "घाटात माझा टायमिंगचा पट्टा तुटला. चटाक. नवा पट्टा बसला तर मी फिरेन."

नवा पट्टा खिळ्याला लोंबत होता. खार गेली तिकडे. टुणुक टुणुक. "पट्टेराव, पट्टेराव, पटकन बसा. इंजिन फिरेना, ट्रक हलेना, शेंग पडेना, पिल्लू जेवेना."

पट्टा म्हणाला, "माझा मी कसा बसू? मिस्त्री उठला तर मी बसेन."

भिकूमामा मिस्त्री नवा सदरा घालून पाटावर बसला होता. खार गेली तिकडे. टुणुक टुणुक. "मामा, मामा, लवकर उठा. पट्टा बसेना, इंजिन फिरेना, ट्रक हलेना, शेंग पडेना, पिल्लू जेवेना."

मिस्त्री म्हणाला, "इंजिन मी काल उघडून पाहिलं. आतलं सगळं शाबूत आहे. पण आज खंडेनवमी. हत्यारांची पूजा. पान्हा पूजेतून निघाला तर मी उठेन."

पान्हा लाल कापडावर बसला होता. कपाळाला कुंकू. खार गेली तिकडे. टुणुक टुणुक. "पान्हेबुवा, पान्हेबुवा, आता निघा. मिस्त्री उठेना, पट्टा बसेना, इंजिन फिरेना, ट्रक हलेना, शेंग पडेना, पिल्लू जेवेना."

पान्हा म्हणाला, "हातोडीला फूल मिळालं. पकडीला फूल मिळालं. मलाच नाही. झेंडू डोक्यावर आला तर मी निघेन."

झेंडू होता चंदाच्या मुठीत. चंदा ट्रक चालवणाऱ्या बाबांची लेक. बसली होती पिंपामागे. खार गेली तिकडे. टुणुक टुणुक. "झेंडूबाळा, झेंडूबाळा, बाहेर ये. पान्हा निघेना, मिस्त्री उठेना, पट्टा बसेना, इंजिन फिरेना, ट्रक हलेना, शेंग पडेना, पिल्लू जेवेना."

झेंडू म्हणाला, "चंदानं मूठ उघडली तर मी येईन."

खार चढली चंदाच्या गुडघ्यावर. "चंदाताई, चंदाताई, मूठ उघड. झेंडू येईना, पान्हा निघेना, मिस्त्री उठेना, पट्टा बसेना, इंजिन फिरेना, ट्रक हलेना, शेंग पडेना, पिल्लू जेवेना."

चंदा म्हणाली, "नाही उघडणार. ट्रक चालू झाला की बाबा जातात."

खारीची शेपूट खाली आली. शेपूट खाली आली. मग हळूच म्हणाली, "मीपण जाते गं. पिल्लू ढोलीत रडतं. मी जाते, आणि परत येते."

चंदानं ट्रकपाशी उभ्या असलेल्या बाबांकडे पाहिलं. बाबा जवळ आले, उकिडवे बसले. म्हणाले, "उद्या दसरा. उद्या सकाळी मी परत येतो."

चंदानं मूठ उघडली.

मूठ उघडली, झेंडू आला. झेंडू आला, पान्हा निघाला. पान्हा निघाला, मिस्त्री उठला. मिस्त्रीनं इंजिनाच्या वरच्या दातेरी चाकाची खूण जुळवली. खालच्या चाकाची खूण जुळवली. मग पट्टा बसला. पट्टा बसला, इंजिन फिरलं. घुर्र घुर्र घुर्र. इंजिन फिरलं, ट्रक हलला. ट्रक हलला, शेंग पडली.

टप्प.

खारीनं शेंग उचलली. टुणुक टुणुक, थेट ढोलीत. शेंगेत निघाले दोन दाणे. दोन्ही पिल्लाला. कुर्रुम कुर्रुम.

ट्रक गेला. दिसेनासा होईपर्यंत चंदा हात हलवत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा आले. ट्रक निंबाखाली लावला. इंजिन बंद केलं. आणि चंदाला उचलून खांद्यावर घेतलं.