चोळीवरचा लाल डाग

चंपाक्काचं कुणी म्हणून कुणी खरं मानलं नाही. नवरीच्या पिवळ्या चोळीवर तिनं लाल दोऱ्यानं वेलबुट्टी भरली, इस्त्रीसाठी पाणी शिंपडलं आणि बाहीभर लाल डाग पसरला. लग्न उद्यावर आलेलं. दोऱ्याचा रंग सुटला, असं ती घसा फोडून सांगत होती. पण तिच्या तोंडात सदा पान!

"तुझीच पिंक पडली असणार," नवरीची आई कडाडली. "आता कोण कापड देईल गं तुझ्या हातात?"

दोरा घेतला तिथंच जाऊन विचारायचं चंपाक्कानं ठरवलं. गावात कापडाचं नि सुई-दोऱ्याचं दुकान एकच, त्रिंबकशेठ लाडांचं. दोघी तिथं गेल्या.

शेठ गादीवरून गरजले, "माझा दोरा पक्क्या रंगाचा! जन्मात पान खाल्लं नाही मी. तू आधी तुझं तोंड बघ!"

चंपाक्कानं आवाज खाली आणला. "राहिलं, शेठ. त्याच दोऱ्याचं रीळ द्या, डागावर फूल भरून झाकते. पण हात कापतायत माझे, तेवढी सुई ओवून द्या."

"आण इकडं!"

दोरा सुईत जाईना. मग सगळेच करतात तसं शेठनी टोक तोंडात घालून ओलं केलं, चावलं, पुन्हा ओलं केलं.

"शेठ," चंपाक्का म्हणाली, "तुम्ही पान कधीपासून खायला लागलात?"

शेठनी ओठ पुसले. हात लाल झाला.

नवरीच्या आईनं चोळी गादीवर आपटली. "दुसरं कापड काढा, आत्ताच्या आत्ता! चंपाक्का, तू शिवायला बस. मांडवात कुणी विचारलंच, चोळी कुणी नासवली, तर मी नाव घेईन त्रिंबकशेठ लाड!"