मागचं पायडल

“पण बाबा, ओळखायचं कसं?”

“काय ओळखायचं?”

“मागचा माणूस पायडल मारतोय, की नुसते पाय फिरवतोय?”

जमालबाबा चहा गाळत होते. गाळता गाळता थांबले. “पाय फिरतात ना?”

“फिरणारच. पुढची-मागची पायडलं साखळीनं जोडलेली आहेत. मी पुढे जोर लावला की मागचे पाय आपोआप फिरतात. झोपलेल्या माणसाचेसुद्धा फिरतील.”

“मग झोपू दे की.”

त्र्यंबकराव शेजवळांनी फकिराकडे निरखून पाहिलं. हा थट्टा करतोय का? चेहरा तर अगदी सरळ होता. पण सरळ चेहऱ्यावर त्र्यंबकरावांचा विश्वास नव्हता. त्यांची सगळी हयात वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून गेली होती. पारड्याखाली चिकटवलेली चिंच, आतून पोखरलेलं वजन, तागडीच्या दांडीला सहज टेकलेली करंगळी... या सगळ्यांचे मालक सरळ चेहऱ्याचेच असत.

निवृत्त झाल्यावर माणूस निवळतो म्हणतात. त्र्यंबकराव निवळले नाहीत. दुकानं संपली आणि तपासायला घर उरलं, एवढंच.

त्यात त्यांनी हौसेनं जोडसायकल घेतली. सांगाडा एक, सीटा दोन. पुढे स्वतः, मागे मालनबाई. हिवाळ्यात गाडीघोड्यांचा त्रास नसलेल्या वाटांनी हिंडायचं, जुनी गावं बघायची, असा बेत होता. बेत उत्तम होता. पण पहिल्याच चढाला सायकल जड लागली आणि त्र्यंबकरावांच्या मनात पाल चुकचुकली.

त्यांनी हँडलला आरसा बसवला. आरशात बायकोचे पाय फिरताना दिसले. ते फिरणारच होते. मग एका मुक्कामी त्यांनी दोघांचे बूट उलटे करून तळव्यांची झीज ताडून पाहिली.

“दुकानदार तरी सुखी,” मालनबाई तेव्हा म्हणाल्या होत्या. “त्यांची तपासणी वर्षातून एकदा व्हायची.”

आज मलिकपेठेत ते सगळं तुटेपर्यंत ताणलं गेलं.

मलिकपेठेला जुनं तळं आहे. तळ्याभोवती रस्ता आहे आणि त्या रस्त्याच्या दोन्ही तोंडांना हत्ती अडावा असे दगडी खांब पुरले आहेत. आत मोटार नाही, फटफटी नाही. सायकल, माणूस आणि म्हैस, एवढ्यांनाच मोकळीक. असल्या निवांत रस्त्यावर कुणाचं भांडण होऊ नये. पण निवांतपणा असला की माणसाला मागचं ऐकू येतं. त्र्यंबकरावांना मागून काहीच ऐकू येईना, म्हणून त्यांनी विचारलं, “मारतेस ना?”

मालनबाई उतरल्या. मागची पिशवी सोडली.

“खांबांपलीकडे बार्शीची एसटी उभी आहे. मी बहिणीकडे जाते, शकूकडे. परत कधी, ते विचारू नका. तुम्ही मागे एक पोतं बांधा. तेही पायडल मारणार नाही, पण निदान त्याच्यावर तुमचा संशय तरी यायचा नाही.”

“अगं, मी कुठे म्हणतो तू मारत नाहीस? मारतेस याचा पुरावा मिळाला, की माझी काही तक्रार नाही.”

“आणि पुराव्याशिवाय?”

पुराव्याशिवाय सही करायची त्र्यंबकरावांना सवयच नव्हती.

“मग विचारा त्या बाबांना,” मालनबाईंनी तळ्याकाठच्या तकियाकडे, फकिराच्या झोपडीकडे, बोट केलं. “गावची भांडणं सोडवतात म्हणे. एसटी सुटेपर्यंत वेळ आहे तुम्हाला.”

हिनं आधीच त्या फकिराला गाठून ठेवलं असणार, हे त्र्यंबकरावांनी तत्क्षणी ताडलं. तरीही ते आले. मालनबाई मागोमाग येऊन, पिशवी मांडीवर घेऊन, चिंचेखाली बसल्या. ते झाड चिंचेचंच असावं, हेही त्र्यंबकरावांना आवडलं नाही.

बाबांनी दोघांना चहा दिला. त्र्यंबकरावांनी कपाचं बूड बघून घेतलं.

“मी बसतो मागे,” बाबा म्हणाले. “तळ्याला एक फेरी मारू. आल्यावर तू सांग, मी पायडल मारलं की नाही.”

“तुम्ही? या वयात?”

“वय पुढच्या सीटला लागतं. अट एकच. मागे बघायचं नाही.”

“का?”

“बघून बघून आजवर काय दिसलं?”

त्र्यंबकरावांनी आरसा पालथा केला. बाबांना नजरेनंच तोललं. माणूस कसला, वाळक्या काटक्यांची मोळी. असून नसल्यासारखं वजन. लबाडी करायला याच्यापाशी फार सामान नव्हतं.

निघाले.

तकियापासून वेशीपर्यंत रस्ता बांधावरून चढत जातो. डाव्या हाताला पाणी, उजव्या हाताला गावाचा जुना तट. पाण्यात मधोमध एक घुमट उभा, त्यावर बगळे. बघायला लोक लांबून येतात. त्र्यंबकरावही लांबूनच आले होते, पण त्यांचे दोन्ही कान पाठीला लागलेले. त्यांना घुमट दिसला नाही.

सायकल जड जात होती. मालनच्या वेळी जायची तशीच जड.

“बाबा, मारताय ना?”

“मारतोय.”

मागून धापा ऐकू आल्या. त्र्यंबकराव मनाशी हसले. धापा टाकायला काय लागतं? खात्यात असताना त्यांच्यापुढे लोकांनी फीट आल्याची सोंगं आणली होती.

“बाबा, जोर लागत नाहीये.”

“लावतोय... बेटा.”

आवाज तुटत होता. सोंग चांगलं वठलं होतं.

चढ संपला आणि वेस आली. मलिकपेठेच्या वेशीतून कुणी स्वार होऊन जात नाही. पूर्वी कुण्या मलिकाचा हुकूम होता, की वेशीत घोड्यावरून उतरायचं. मलिक गेला, घोडे गेले, हुकूम तेवढा सायकलवाल्यांच्या वाट्याला आला. गावचं पोरसुद्धा इथे उतरतं, वेशीच्या सावलीतून चालत जातं आणि पलीकडे पुन्हा टांग मारतं.

त्र्यंबकराव उतरले. अट म्हणजे अट, मान वळवली नाही. हँडल धरून पुढे चालू लागले. खिळे ठोकलेले ते अजस्र दरवाजे मागे गेले. मागून बाबांच्या चपला फटफट वाजत होत्या.

उन्हात आल्यावर ते सीटवर बसले. एक पाय जमिनीला टेकवून म्हणाले, “बसा.”

“चल,” मागून आवाज आला.

आणि मागच्या सीटला तळहाताचा एक धक्का बसला. लहान पोराला सायकल शिकवताना बाप देतो तसा. सायकल सुटली.

...ती सुटली ती काय सुटली. पायाखाली लोणी असावं तशी. त्र्यंबकरावांना वाटलं, आपण पाय नुसते ठेवलेत आणि मागून कुणीतरी आपल्याला नेतंय.

“हां! आता कसं?” ते म्हणाले.

मागून उत्तर नाही.

“बांधावर लबाडी करत होतात, बाबा. मला कळत होतं. पण आता मात्र मानलं.”

उत्तर नाही. धापाही नाहीत. त्र्यंबकरावांना ते पटलं. मन लावून पायडल मारणारा माणूस बोलत नाही. हे आपण मालनला किती वेळा सांगितलं.

पलीकडच्या काठानं वाट लांबच लांब उतरत गेली होती. एक गुराखी म्हशी पाण्यात घालून काठावर बसला होता. तो त्र्यंबकरावांकडे बघून हसला. तो का हसला असावा याचा एरवी ते पुढची चार वळणं छडा लावत राहिले असते. आज सोडून दिलं. कितीतरी दिवसांत मन असं हलकं झालं नव्हतं. त्यांना घुमटही दिसला. छान होता.

“मागचा माणूस असा पाहिजे,” ते मागे ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हणाले. “कुरकुर नाही, दमणं नाही. परतल्यावर तिच्यापुढे एवढंच सांगा. माझं कोण ऐकतं?”

तकिया दिसू लागला. खांबांपलीकडे एसटीही दिसली. सुटली नव्हती. त्र्यंबकरावांनी ब्रेक दाबला आणि सायकलवरून न उतरताच निकाल वाचायला सुरुवात केली.

“मालन, ऐक. ओळखता येतं. शंभर टक्के ओळखता येतं. वेशीपर्यंत बाबांनी एकदाही जोर लावला नाही. पण वेशीनंतर जे पायडल मारलं, असं पायडल मी जन्मात...”

मालनबाईंच्या शेजारी जमालबाबा बसले होते.

त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या होता. लुंगीखाली दोन्ही पोटऱ्या अजून लटलट कापत होत्या. मालनबाई पदरानं त्यांना वारा घालत होत्या.

त्र्यंबकरावांनी मागे पाहिलं. मागची सीट रिकामी. पायडलं तेवढी, साखळीच्या ओघानं, अजून थोडी हलत होती.

“तुम्ही... कुठे उतरलात?”

“वेशीत. तू बसलास, मी बसलो नाही. गावातल्या जवळच्या बोळातून चालत आलो.”

“मग मागे...”

“तूच सांग. छान मारत होतं म्हणालास.”

कुणी हसलं नाही. मालनबाईसुद्धा नाहीत. हसल्या असत्या तर त्र्यंबकरावांना सोपं गेलं असतं. त्या पिशवी उचलून उभ्या राहिल्या. पलीकडे ड्रायव्हर गाडीत चढला, दार आपटल्याचा आवाज झाला.

“जाऊ दे तिला,” बाबा पाणी पिऊन म्हणाले. “घरापर्यंत सायकल अशीच हलकी लागेल. मागून एक शब्द ऐकायला येणार नाही.”

त्र्यंबकराव हँडल धरून उभे होते. मागच्या सीटवर उन्हाचा एक तुकडा पडला होता. इतका वेळ त्याच्याशी आपण बोलत होतो, त्याला शाबासकी देत होतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. कान तापले.

त्यांनी खिशातून पाना काढला. आरसा सोडवू लागले. बोल्ट गंजला होता, हात घसरत होता, पण त्यांनी तो सोडवला आणि बाबांपुढे धरला.

“दाढी कातरायला होईल,” बाबा म्हणाले आणि ठेवून घेतला.

मालनबाई बघत होत्या. “मिळाला का पुरावा?”

“नाही.”

“मग?”

“नाही मिळाला,” त्र्यंबकराव म्हणाले. “...पिशवी दे. मी बांधतो.”

“तुमची गाठ सुटते. मीच बांधते.”

त्यांनी बांधली. पदर खोचला, मागच्या सीटवर बसल्या आणि वाट बघू लागल्या. खांबांपलीकडे एसटीचं इंजिन घरघरायला लागलं होतं.

त्र्यंबकरावांनी टांग मारायला पाय उचलला. मग तो खाली टेकवला. बाबांच्या कानापाशी वाकले आणि आवाज अगदी खाली आणला.

“बाबा, एक विचारू? आता काही राहिलं नाही, नुसतंच विचारतो. वेशीच्या आधी... खरंच मारत होतात?”

जमालबाबांनी आरसा गुडघ्यावर ठेवला. आधी त्याच्याकडे पाहिलं, मग खांबांकडे.

“इन्स्पेक्टर,” ते म्हणाले, “एसटी अजून सुटलेली नाही.”