रिकाम्या मडक्यातली खळ

येसुगीर महाराज कळंबोशीला कुणाच्या बोलावण्यावरून आले नव्हते आणि राहिले तेही कुणाच्या सांगण्यावरून नाही. गावाच्या वरच्या अंगाला, माळाच्या तोंडाशी बिरोबाचे देऊळ आहे. त्याच्या मागच्या ओट्यावर एके सकाळी ते बसलेले दिसले आणि पुढे अकरा वर्षे तिथेच होते. महाराजांचा स्वभाव मोठा तापट! कुणी पायाशी नारळ ठेवून मुलाचे लग्न, म्हशीचे दूध, भावकीतला बांध असले काही घोळवू लागला की तोच नारळ त्याच्या पाठीमागे भिरकावीत. संत म्हणजे सदा गोड हसणारा म्हातारा अशी तुमची समजूत असेल तर ती इथेच सोडा, मंडळी. आमचे महाराज रागवत, आणि चांगले रागवत.

याच गावात ठकुबाई सनगरीण राहत होती. सनगरांचा धंदा घोंगड्यांचा. त्यांच्यात सूत काढायचे बायांनी, ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, खळ लावायची बायांनी आणि मागावर बसायचे पुरुषांनी, अशी रीत. माग म्हणजे जमिनीत कमरेएवढा खड्डा, त्यात पाय सोडून बसायचे आणि आडव्या सुताचा धोटा फेकायचा. ठकुबाईचा नवरा बयाजी तापाने गेला. मागावर अर्धे घोंगडे तसेच राहिले होते. तेराव्याचे पाहुणे गेले त्या दुपारी ही बाई पदर खोचून खड्ड्यात उतरली आणि ते घोंगडे तिने पुरे केले.

झाले! गावात गहजब. जातीचे पंच दारात येऊन बसले. बाईने खड्ड्यात पाय सोडला म्हणजे कुळाला बट्टा लागला म्हणे. घरात पुरुष नाही, चूल कशी पेटायची, हे त्यांच्यातल्या एकानेही विचारले नाही. तेव्हा महाराज अनवाणी देवळातून खाली आले आणि पंचांना नाही नाही ते बोलले. महाराजांच्या तोंडाला कोण लागणार? पंच नमले, पण अट घालून नमले. ठकुबाईने विणावे, मात्र ज्या दिवशी घेतलेले काम तिच्याच्याने पुरे होणार नाही, त्या दिवशी तिच्या घरातला खड्डा मातीने बुजवला जाईल. ठकुबाईने मान हलवली. त्या दिवसापासून रोज सकाळी माग सुरू करण्याआधी ती ओट्यापाशी जाई, लांबूनच डोके टेकी, काही न मागता परत येई.

आणि धंदा केला हो बाईने! मेंढरांची कातरणी असे तेव्हा स्वतः वाड्यावाड्यांवर हिंडून लोकर हाताने चाचपून घ्यायची. वाईट माल असेल तर धनगराला तोंडावर सांगायची. दर मंगळवारच्या बाजारात स्वतः पाल ठोकून बसायची. घोंगडे फाटले तर घेऊन या, फुकट तुणून देईन, असे गिऱ्हाइकाला बजावायची. तीन वर्षांत तिच्या घोंगड्याला नाव झाले. गोठा रिकामा करून तिने आणखी दोन खड्डे खणले आणि कोंडाबाई आणि गौरा या दोन निराधार बायांना विणकाम शिकवून मागावर बसवले.

हे ज्याच्या डोळ्यांत सलले तो अंताशेट. बाजारपेठेतला सगळ्यात मोठा दुकानदार. आजवर अकरा गावांच्या सनगरांचा माल त्याच्याच दुकानातून जायचा आणि तो म्हणेल त्या भावाने जायचा. ठकुबाईने पाल ठोकले आणि गिऱ्हाईक तिकडे वळले. मग दर मंगळवारी दुकानाच्या पायरीवर उभा राहून तो मोठ्याने सांगे की बाईच्या हातचे घोंगडे पदरासारखे झुळझुळीत असते, पावसात डोक्यावर घेतले काय आणि न घेतले काय, सारखेच. लोक हसत. ठकुबाई ऐके, दात आवळी आणि पुढच्या गिऱ्हाइकाला घोंगडे उलगडून दाखवी. पण आत तिचा जाळ व्हायचा. का होऊ नये?

त्या साली संस्थानच्या पागेचे कारभारी दाजीसाहेब बाजारात आले. घोड्यांवरच्या माणसांना चाळीस घोंगडी हवी होती, दसऱ्याच्या आधीच्या मंगळवारी. त्यांनी सगळी दुकाने पाहिली आणि काम ठकुबाईला दिले. तीन मागांना हे काम म्हणजे दिवसभर मान वर करायची सोय नाही. तरी तिने ते घेतले. हे पार पडले तर आणखी दोन माग बसले असते.

अंताशेटने त्या रात्री काय विचार केला तो त्याचा त्याला ठाऊक. दुसऱ्या दिवशी त्याच्या चार बैलगाड्या सुटल्या. घोंगड्याच्या ताण्याला चिंचोक्यांची खळ लावावी लागते. चिंचोके भाजायचे, टरफल काढायचे, आतला गर दळून शिजवायचा आणि ती खळ कुंच्याने ताण्यावर चढवून उन्हात वाळवायची. त्याने लोकर ताठ होते, सूत ठोकून बसवणाऱ्या फणीचा ठोका सोसते, आणि घोंगडे असे दाट बसते की पाणी आत शिरत नाही. खळ नाही तर घोंगडे नाही. अंताशेटच्या गाड्यांनी आठ दिवसांत अकरा गावांतल्या घराघरांतून मडकी, कणग्या, कोनाडे झाडून चिंचोके उचलले आणि ते सगळे त्याच्या वखारीत जाऊन पडले. वर हा माणूस दाजीसाहेबांना भेटून सांगून आला, यंदा चिंचेला बहरच नव्हता, मुलुखात चिंचोका औषधालाही नाही, बाईचे काम काही व्हायचे नाही. माझ्याकडे गेल्या सालची तयार घोंगडी आहेत, वेळ आली तर ती घ्या. केवढा हा नीचपणा! एका बाईचा माग बंद पाडायला याने अकरा गावांच्या विणकरांच्या पोटावर पाय दिला.

ठकुबाई पोते घेऊन सात गावे हिंडली. सगळीकडे एकच उत्तर, शेटची गाडी येऊन गेली. घरातली खळ सहा घोंगड्यांत संपली. मग तिने ज्वारीच्या पिठाची खळ करून पाहिली. ताणा अंगणात वाळत घातला आणि कोंडाबाई भाकरी खायला आत गेली, तेवढ्यात शेजारच्या शेळ्यांनी तो इथून तिथून चाटून काढला. जो उरला तो मागावर चढवल्यावर पहिल्याच ठोक्याला तटातटा तुटला. चौतीस घोंगडी व्हायची होती आणि हातात बावीस दिवस होते.

खळीचे रिकामे मडके काखेत मारून ठकुबाई तरातरा माळ चढली. आज लांबून डोके टेकणे नाही. ती थेट ओट्यापुढे उभी राहिली आणि मडके तिने महाराजांच्या पुढ्यात आदळले. फुटले नाही हे नशीब.

"काय मागायला आलीस?" महाराज म्हणाले.

"त्या अंताशेटचं वाटोळं करा," ठकुबाई म्हणाली. "तीन वर्षं त्याचं ऐकून घेतलं. आज माझ्यासंगं त्या दोघी बाया रस्त्यावर येतील. त्याच्या दुकानाला आग लागू द्या. आन् मला खळ द्या."

महाराजांचे डोळे लाल झाले. "दोन्ही मिळायचं नाही. त्याला शाप पाहिजे का तुला खळ पाहिजे? एक बोल."

खरे सांगायचे तर मंडळी, तिच्या ओठावर शापच आला होता. त्या माणसाचे तोंड काळे झालेले पाहावे, एकदाच पाहावे, मग माग गेला तरी चालेल, असे तिला क्षणभर वाटले. मग तिला कोंडाबाई दिसली, गौरा दिसली, अर्धवट ताणा लागलेले तीन माग दिसले.

"खळ द्या," ती म्हणाली, आणि रडू येऊ नये म्हणून ओठ चावला.

महाराजांनी मडके उचलले, शेजारच्या दगडी डोणीतले पाणी त्यात भरले आणि तिच्या हातात दिले. "हे चुलीवर ठेव आणि ताण्याला लाव."

"हे पाणी हाय, म्हाराज!"

"पाणी मला कळतं!" महाराज ओरडले. "जा. आणि तो राग इथं टाकून जाऊ नकोस. घरी ने. मागावर ठोकायला लागेल."

ठकुबाई घरी आली ती आणखीच चिडून. एवढी तीन वर्षे डोके टेकल्याचे हे फळ! तरी तिने चूल पेटवली. पाणी उकळले, पाणीच राहिले. गौराने कोंडाबाईकडे पाहिले. दोघींना वाटले, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. ठकुबाईने दोघींना दम भरला, कुंचा बुडवला आणि ताण्यावर फिरवला. दुपारी उन्हात ताणा वाळला. तिने बोटाने छेडला तर तो टणक लागला, खळ चांगली बसावी तसा! तिने पुन्हा छेडला. मग ती खड्ड्यात उतरली आणि ठोकू लागली. प्रत्येक ठोक्याला अंताशेटचे एक एक बोलणे आठवे आणि फणी दाणकन बसे. बावीस दिवस तेच. मडक्यात रोज डोणीचे पाणी, आणि तीन मागांवर एक धागा तुटला नाही.

दसऱ्याआधीचा मंगळवार उजाडला. बाजारात जत्रेसारखी गर्दी. पंच आले होते, आणि त्यांनी खड्डे बुजवायला फावडीसुद्धा बरोबर आणली होती. ठकुबाईच्या पालापुढे दाजीसाहेबांनी चाळीस घोंगडी मोजून घेतली. अंताशेट पुढे झाला. नुसते मोजून काय होते, म्हणाला, मुलुखात चिंचोका नाही, मग हे विणले कशावर? पाणी ओतून बघा, चाळणी आहे ही. दाजीसाहेबांनी मधलेच एक घोंगडे काढायला लावले. चार जणांनी चार कोपरे धरले आणि वरून घागरभर पाणी ओतले. घोंगड्याचा डोह झाला. लोक खाली वाकून बघू लागले. एक विडा लावून, चघळून, थुंकून होईपर्यंत थांबले. थेंब नाही. मग दाजीसाहेबांनी अंताशेटच्या गेल्या सालच्या मालातले एक मागवले आणि तसेच धरायला लावले. त्यातून पाण्याच्या धारा लागल्या.

अंताशेटच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने घोंगड्याचा काठ चोळून पाहिला, खळ हाताला लागली आणि तो किंचाळलाच, "ही चिंचोक्याचीच खळ आहे! चोरी केली या बाईनं! माझी वखार फोडली!"

बाजारातली सगळी माणसे जवळ सरकली.

"तुमच्या वखारीत चिंचोके आहेत?" दाजीसाहेबांनी विचारले. "मुलुखात औषधालाही नाही म्हणून तुम्हीच सांगून गेलात ना?"

अंताशेट आपल्याच तोंडाने बुडाला होता. पण चोरीचा आळ आला म्हटल्यावर वखार बघायलाच हवी. दाजीसाहेब निघाले, मागून पंच, मागून सगळा बाजार. ठकुबाई सगळ्यांत पुढे. वखारीचे कुलूप जागच्या जागी, त्यावरची लाखेची मोहर शाबूत. आत छपरापर्यंत पोती रचलेली, एकाचीही शिवण उसवलेली नाही. आपली चोरी झाली नाही हे बघून अंताशेट जास्तच घाबरला. त्याने एक पोते टरकन फाडले. काळेभोर चिंचोके घळाघळा जमिनीवर आले. त्याने मूठ भरून घेतली आणि त्याचा हात तसाच थांबला. मुठीत वजनच नव्हते! त्याने मूठ आवळली तर सगळ्यांचा चुरा झाला. टरफले, नुसती टरफले. आत गराचा कण नाही. दुसरे पोते फाडले, तिसरे फाडले, सगळीकडे तेच. टरफल कुठे तडकलेले नाही, किडीचे भोक नाही, आणि गर मात्र गेलेला.

तो कुठे गेला हे ठकुबाईला कळले. तिने माळाच्या दिशेने हात जोडले. पंचांतल्या म्हाताऱ्याने फावडे भिंतीला टेकवून ठेवले.

दाजीसाहेबांनी अंताशेटला तिथेच सगळ्यांदेखत फैलावर घेतले आणि पागेचे काम त्याच्या दुकानाला पुन्हा कधी मिळणार नाही असे सांगितले. अकरा गावांचे विणकर बाजारात होतेच. त्यांचे चेहरे बघून अंताशेट जो पळत सुटला तो बिरोबाच्या ओट्यापाशी जाऊन आडवा पडला. महाराजांनी पाय मागे घेतले.

"मला हात लावू नकोस!" ते गरजले. "माणसं काम मागत होती, आणि तू त्यांचं काम कोंडून ठेवलंस. माझं काय बिघडवलंस तू? जिचं बिघडवलंस तिच्यापुढे जा. आणि अकरा गावांत घरोघर चिंचोके पोचवल्याशिवाय या माळावर पाऊल टाकू नकोस."

अंताशेटने लांबच्या मुलुखातून चिंचोके आणवले. गाडीबरोबर स्वतः चालत दारोदार मापे घातली. लोकांनी त्याला काय काय ऐकवले ते मी सांगत नाही, पण त्याने मान खाली घालून ऐकले. शेवटचे पोते घेऊन तो ठकुबाईच्या दारी आला. तिच्याकडे आता पाच माग चालू होते. ती खड्ड्यात बसून विणत होती. खड्ड्यात बसलेल्या बाईच्या पाया पडायचे कसे? अंताशेट जमिनीवर पालथा झाला, पोटावर सरपटत काठापर्यंत गेला आणि तिथे त्याने कपाळ टेकले. रडत रडत तो म्हणाला, "ठकुबाई, चुकलो. पदरात घे."

ठकुबाईचा धोटा थांबला. तिने त्याच्याकडे पाहिले. राग अजून होता, आणि तो तिने लपवला नाही.

"पदरात घेतलं," ती म्हणाली. "आता उठा शेट. उजेड अडतोय."

अंताशेट उठला, हात जोडून दारातून बाजूला झाला, आणि आत फणीचा ठोका पुन्हा सुरू झाला.