आजारी ओळ

"पण या गव्हाला तांबेरा धरत नाही, हे तुला कळलं कसं गं?"

हेमांगीचा हात परातीतच थांबला. समोर चुलीपाशी वत्सलामाई बसल्या होत्या. नदीकाठचा त्यांचा लहानसा मठ, आणि त्याचं हे स्वयंपाकघर.

अकरा वर्षांपूर्वी हेमांगीनं इथेच नेम घेतला होता, तांबेऱ्याच्या रोगाला पुरून उरेल असा गहू हातून होईपर्यंत पोळी खायची नाही. एका रानगवतातला गुण तिनं प्रयोगशाळेत हेरला, रोपारोपांतून पारखत गव्हात उतरवला. सात हंगाम वाया गेले. दर वेळी ती इथे येऊन माईंच्या पदरात तोंड खुपसून रडली.

आज त्याच गव्हाची कणीक परातीत होती. आज उद्यापन. नव्या वाणाला माईंचं नाव द्यायचं, एवढी एकच इच्छा उरली होती.

"सोपं आहे, माई. शेताच्या कडेनं आम्ही एक नाजूक वाण पेरतो. त्याच्यावर तांबेरा मुद्दाम सोडतो. आधी ते आजारी पडतं. मग वाऱ्यानं तो रोग माझ्या गव्हावर येतो. माझा टिकला... जिंकलो!"

"आणि ते बिचारं?"

"वाळतं. दाणे पोचट."

"नाव काय त्याचं?"

"त्याला कसलं नाव! शेतावरच्या बायका 'आजारी ओळ' म्हणतात."

"मग देता टाकून."

"छे! मूठभर बी जपावंच लागतं. ती ओळ नसली तर आमचं काहीच..."

माईंनी लाकूड आत सारलं.

"अकरा वर्षं पेरलीस?"

"हो."

"अकरा वर्षं आजारी पडली."

"माई, तुमचं नाव द्यायचंय मला. नाही म्हणू नका."

"देशील नक्की?"

"शब्द देते."

"मग त्या ओळीला दे."

हेमांगीचा चेहरा पडला. "माई, काहीतरीच! दरवर्षी जिच्यावर रोग सोडायचा, तिला तुमचं नाव?"

"शब्द दिलास ना, शास्त्रीणबाई? लाट आता."

पोळी टम्म फुगली. माईंनी तूप लावलं, घास मोडला, कपाळाला टेकवला आणि हेमांगीच्या ओठांशी धरला.

अकरा वर्षांनी पोळी जिभेवर आली. गोड लागली... हेमांगीला रडू आवरेना. माईंनी नेहमीसारखा पदर पुढे केला. जुनाच पदर, धुऊन धुऊन विरलेला.

सात हंगामांचं रडणं झेललेल्या त्या पदराकडे हेमांगी बघतच राहिली.

मग तिनं कणकेच्या हातांनीच माईंचे पाय धरून त्यांवर डोकं ठेवलं.

"येत्या कार्तिकात त्या ओळीवर पाटी लावीन, माई. तुमच्या नावाची."

"लाव."

"आणि माझ्या गव्हाला काय नाव देऊ?"

"त्याला जेवणारे देतील. तू पुढची लाट बघू, तवा तापलाय."